डावं दार

मार्लो, ४ फेब्रुवारी २०१९

डेस्मंड,

बारा वर्षांनी लिहिते आहे म्हणून प्रस्तावना करत बसणार नाही. आई हॉस्पिटलमध्ये आहे. जानेवारीत हाय विकमच्या घरी मागच्या पायरीवर पाखरांना पाव टाकताना ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतर न्यूमोनियानं गाठलं. रविवारचा तुझा फोन तिनं का उचलला नाही, ते आता तुला कळेल. शेजारच्या मिसेस कॉर्डिसकडून कळलंही असेल. त्यांच्याकडून सगळ्या गल्लीला सगळं कळतं.

काल डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीपाशी नेऊन सांगितलं की कुटुंबात कोणाला कळवायचं असेल तर कळवून ठेवा. कुटुंब म्हणजे तू. कळवलं.

फोन केला नाही, कारण फोनवर आपलं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बाबांच्या अंत्यविधीच्या वेळी वादळामुळे तुझ्या बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदरातून बोट सुटली नाही असं तू सांगितलंस आणि ज्याला यायचं असतं तो पोहत येतो, असं मी म्हणाले. ते वाक्य मी मागे घेतलेलं नाही. आज तो विषयही नाही.

घर आवरायला घेतलं आहे. थंडीत बंद राहिलेलं घर ओल धरतं आणि पुढेमागे हे काम माझ्याच गळ्यात येणार आहे. आईनं टिकल्या चिकटवून ठेवल्यात ते बरं. मरणाचा शब्द या घरात कोणी कधी तोंडातून काढला नाही, पण रंगीत कागदी टिकल्यांचं पाकीट आणून प्रत्येक वस्तूच्या पोटाला टिकली लावायला आईला काही वाटलं नाही. हिरवी माझी, लाल तुझी, टिकली नसेल ते चॅरिटीच्या दुकानात. तुझं आहे ते असं: भिंतीवरचं वायुभारमापक, बाबांची सुतारकामाची हत्यारं पेटीसकट आणि चिनीमातीचा तो भयंकर कुत्रा. हे सगळं मी बांधून ठेवीन. जेवणघरातल्या साइडबोर्डवर, बाबांच्या हातच्या त्या लांब बुटक्या कपाटावर, माझी हिरवी टिकली आहे, तेव्हा त्याचा प्रश्न नाही.

येण्याची घाई करू नकोस. ती कोणाला ओळखत नाही.

एव्हरिल


मार्लो, २० फेब्रुवारी

डेस्मंड,

तुझं कार्ड मिळालं. आई अजून आहे. नुसती आहे असं नाही, काल तिनं नर्सला ऐकवलं की ज्या तांदळाच्या पुडिंगवर साय नाही त्याला पुडिंग म्हणू नये. नर्स मला हे आनंदानं सांगत होती. मीही आनंद दाखवला. म्हणजे मला आनंद झालाच. वाक्य नीट लिहिलं गेलं नाही.

साइडबोर्डबद्दल तू लिहितोस की नाताळात फोनवर आईनं तुला सांगितलं, तो तुझ्या नावावर केला आहे. तुझी काहीतरी गफलत होते आहे. टिकली मी माझ्या हातानं लावली होती, दोन वर्षांपूर्वी, तिच्या देखत. ती 'बरं' म्हणाली होती. त्यानंतर तिनं काही बदललं असेल तर तिच्या डोळ्यांची अवस्था लक्षात घे. तिला समोरचं मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. माणसाशी बोलताना ती त्याच्या कानाकडे बघते. अशा बाईला लाल कोणतं आणि हिरवं कोणतं हे कळलं असेल याची खात्री कोण देणार?

तू डाव्या दाराची गोष्ट लिहिली आहेस. ती मला माहीत नाही असं तुला का वाटलं? प्रत्येक नाताळला शेरीचे पेले काढताना आई ती सांगायची आणि पेले पुसायला मीच असायचे. बाबा फर्निचरच्या कारखान्यात सागवानाचे पातळ पापुद्रे जुळवायचे. एकाच ओंडक्याचे, सोललेल्या क्रमानं, म्हणजे साइडबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा वाहत गेल्यासारख्या दिसाव्यात. दोन्ही दारांवर रेषांची ज्योत वर जायला हवी. तुझ्या जन्माचा निरोप आला त्या दिवशी बाबांनी डाव्या दाराचा पापुद्रा उलटा चिकटवला आणि ज्योत खाली गेली. सरस एकदा धरला की सुटत नाही. फोरमननं खडूनं फुली मारून माल बाद केला आणि बाबा तो हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. 'ही बघ डेस्मंडची खूण,' असं म्हणत आई त्या दारावरून हात फिरवायची.

माझ्या जन्माच्या दिवशी बाबांचं काम बिनचूक झालं असणार. त्या दिवसाची काही गोष्ट नाही.

साइडबोर्ड सध्या त्या घरात नाही. सुरक्षित आहे. तू त्याची काळजी करू नकोस.

एव्हरिल


मार्लो, १२ मार्च

डेस्मंड,

आई घरी येते आहे.

हे वाक्य लिहून मी उठले आणि उगाचच केटली घासून आले. डॉक्टर म्हणतात, असं क्वचित घडतं. वॉकर धरून ती वॉर्डाच्या टोकापर्यंत जाते आणि परत येताना बाकीच्या बायकांना पाय कसा टाकायचा ते शिकवते. एप्रिलच्या सुरुवातीला सोडणार आहेत. घरात कठडे बसवून घ्यायचे, गालिचे काढायचे, पलंग खाली आणायचा. तिनं मला विचारलं, "साइडबोर्डला धरून मला खिडकीपर्यंत जाता येईल ना गं?" मी म्हणाले, येईल.

साइडबोर्ड मी विकला आहे.

मागच्या पत्रात सुरक्षित आहे असं लिहिलं, तेव्हाही विकलेलाच होता. पहिलं पत्र टाकल्यानंतरच्या आठवड्यात पिअर्स नावाच्या दुकानदाराला मी घरी बोलावलं. जुनं लाकडी सामान घेतो तो. मिशांना मेण लावतो. माझ्या फ्लॅटचा जिना अरुंद आहे, वळणावर तो लांबलचक साइडबोर्ड फिरला नसता, असं कारण मी स्वतःला दिलं. फीत घेऊन जिना मात्र मी कधी मोजला नाही.

गाडीत सामान चढत होतं तेव्हा मिसेस कॉर्डिस कुंपणापाशी उभ्या होत्या. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंटहून येऊन त्यांना त्या गल्लीत साठ वर्षं होत आली, त्या आणि आई एकमेकींच्या घराच्या किल्ल्या बाळगतात. त्या म्हणाल्या, "एव्हरिल, आमच्याकडे आधी प्रेत निघतं, मग खुर्च्या." मी त्यांना म्हटलं, हा आमचा घरगुती प्रश्न आहे. शाळेत उपमुख्याध्यापिका असताना पालकांशी जो आवाज लावायचे तोच लावला. त्या म्हणाल्या, "हो, दिसतंय ना. घर रिकामं होतंय."

आता मी पिअर्सकडे जाणार आहे आणि साइडबोर्ड परत आणणार आहे. विकलेली वस्तू परत घेता येते. तुला हे कळवण्याचं काही कारण नव्हतं. पण सुरक्षित हा शब्द माझ्या अक्षरात तुझ्या घरात पडून आहे, ते मला सहन होत नाही.

एव्हरिल


मार्लो, २६ मार्च

डेस्मंड,

हे पत्र वाचून झाल्यावर जाळलंस तरी चालेल.

पिअर्सनं साइडबोर्ड लगेच पुढे विकला होता. हल्ली लंडनच्या तरुण मंडळींना आपल्या लहानपणचं सामान हवं असतं. पत्ता द्यायला तो तयार नव्हता. मी त्याच्या दुकानात खुर्चीवर बसून राहिले आणि गिऱ्हाइकांना एकेका वस्तूतले दोष सांगू लागले, तेव्हा त्यानं दिला. लंडनमधलं वॉल्थमस्टो. फ्रेया आणि टोबी, दोघंही तिशीतले. टोबी घरातही लोकरीची टोपी घालतो. मी फोन करून सांगितलं की तो साइडबोर्ड माझ्या वडिलांनी बनवला होता आणि एकदा बघायचा आहे. फ्रेयाला इतकं भरून आलं की तिनं माझ्यासाठी केक केला. ओटच्या दुधाचा चहा दिला. तो मी शिक्षा समजून प्यायले.

साइडबोर्ड बैठकीच्या खोलीत नव्हता. जेवणघरातही नव्हता. "वर आहे," फ्रेया म्हणाली, आणि तिनं मला न्हाणीघरात नेलं.

त्यांनी त्याचं बेसिन केलं आहे. वरच्या फळीला गोल भोक पाडून पांढरं भांडं बसवलं आहे, मागे पितळी नळ. मधले ड्रॉवर कापून त्यातून पाइप खाली नेला आहे. आई जिथे शेरीची बाटली ठेवायची तिथे दात घासायचे ब्रश. काम स्वच्छ केलं आहे, तेवढं म्हणायला हवं. डावं दार आहे तसं आहे. "ही उलटी नक्षी आम्हाला फार आवडली," फ्रेया म्हणाली. मग टोबी म्हणाला, "वापरून बघा ना. गरम पाणी लगेच येतं."

मी हात धुतले. बाबांच्या साइडबोर्डमध्ये मी हात धुतले, डेस्मंड, आणि म्हणाले, छान आहे.

त्या दोघांवर रागावता येईना. त्यांनी वस्तू विकत घेतली होती आणि तिच्यावर त्यांचं प्रेम होतं. माझ्यावर रागावण्यासारखं मात्र पुष्कळ होतं. हातमोजा पडल्याचं निमित्त करून मी खाली वाकले आणि पोटाखाली पाहिलं. टिकली तिथेच आहे. लाल आहे.

विकला तेव्हाही लालच होती. पिअर्सची माणसं साइडबोर्ड आडवा करत होती आणि ती दिसली. माझी हिरवी कोणीतरी नखानं खरवडून काढली होती. तिचा पांढरा कागद थोडा राहिला होता आणि त्याच्यावरच नीट, मधोमध, लाल. डोळ्यांची चूक असती तर टिकली बाजूला कुठेतरी पडली असती. पिअर्सनं विचारलं, "हा ठेवायचाय का, मॅडम?" आईला डॉक्टरांकडे मी न्यायचे, तिचे पडदे मी धुवायचे, तिच्या पायाची नखं मी कापायचे. तू रविवारी फोन करायचास. मी म्हणाले, "घेऊन जा." जिन्याचा विचार मला गाडी गेल्यावर सुचला.

पैसे आईच्या खात्यात आहेत. त्यानं काही फरक पडत नाही, पण ते तुला माहीत असावं.

आईला सांगू नकोस. तुझ्याकडे काही मागायचा अधिकार मला नाही, तरी मागते. पिअर्सनं त्याच कारखान्याचा, त्याच सालचा, त्याच नमुन्याचा दुसरा शोधून दिला आहे. दोन्ही दारं सरळ आहेत. आईला दिसत नाही. सगळं सामान मी जिथल्या तिथे लावणार आहे, शेरीचे पेले, जेवणाच्या टेबलावरच्या चटया, दिवे गेल्यावर लागणाऱ्या मेणबत्त्या, नाताळच्या कागदी टोप्या. कोणाला कळणार नाही.

एव्हरिल


हाय विकम, १० एप्रिल

डेस्मंड,

तुझ्या कार्डावर एकच ओळ आहे: आईला कळलं का? सांगते.

शुक्रवारी रुग्णवाहिकेनं तिला आणलं. मिसेस कॉर्डिस जायफळ घातलेली खीर घेऊन हजर होत्या. जेवणघराच्या दारात त्या माझ्याकडे बघून चर्चमधलं गाणं गुणगुणत राहिल्या. आई वॉकर टाकत आत आली. साइडबोर्डपाशी थांबली. वरच्या फळीवर तळवा ठेवला आणि मान वळवून, जशी ती आपल्या कानाकडे बघते तशी, डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली बघितलं. कडेचं तिला दिसतं हे मीच तुला लिहिलं होतं.

"तुझ्या बाबांचं दार सरळ झालं की," ती म्हणाली.

मी म्हणाले, पॉलिश करून घेतलंय.

"पॉलिशनं सरळ होतं होय? छान." मग तिनं चहा मागितला.

त्यानंतर या विषयावर एक शब्द नाही. मी इथेच राहते आहे आणि ती माझ्याशी अत्यंत चांगलं वागते. पाण्याचा पेला दिला तर म्हणते, "तुला फार त्रास झाला, आभारी आहे हं." उशी सरळ केली तर म्हणते, "किती चांगली आहेस." असं ती चर्चचे पाद्री घरी आले की बोलते. मला ती जन्मभर 'ए, ते दार लाव, थंडी शिरते' असं म्हणत आली आणि आता मला दारसुद्धा लावू देत नाही, स्वतः उठायला बघते. पाहुणीला कामाला लावायचं नसतं.

आणि तिची हँडबॅग. आपल्याला समजायला लागल्यापासून ती बॅग साइडबोर्डच्या डाव्या टोकाला असते. आता ती खुर्चीवर असते. मी एकदा उचलून साइडबोर्डवर ठेवली. चहा घेऊन परत आले तर पुन्हा खुर्चीवर. वॉकर धरून उठून तिनं ती हलवली होती. खिडकीपाशी जाताना ती भिंतीला धरते, साइडबोर्डला नाही.

शाळेत मी मुलांना सांगायचे की खोटं पकडलं जाण्याची भीती बाळगू नका, खोट्याची लाज बाळगा. पोरं माना डोलवायची. पकडलं जाऊनही कोणी ओरडत नाही, तेव्हा काय बाळगायचं असतं, ते मी सांगितलं नव्हतं.

एव्हरिल


हाय विकम, २३ एप्रिल

डेस्मंड,

गुड फ्रायडेला मी तिला सगळं सांगितलं. ती बनला लोणी लावून घेत होती. लावता लावता ती म्हणाली, "डेस्मंड हल्ली रविवारी नुसतं हवामानाबद्दल बोलतो. लहानपणी काही लपवायचं असलं की तो असाच पावसावर यायचा." म्हणजे तू माझं मागणं पाळलंस आणि आपल्या दोघांनाही उघडं पाडलंस. बाकी राहिलेलं मी बोलले. डॉक्टरांचं म्हणणं, पिअर्स, लाल टिकली, नंतरचा हा दुसरा साइडबोर्ड. मी क्रमानं सांगितलं, कारण क्रम सोडला असता तर मला बोलता आलं नसतं. शेवटी म्हणाले, "तू गेलीस असं मी धरून चालले होते, आई."

"मीसुद्धा धरलं होतं," ती म्हणाली. "पण मी काही विकलं नाही."

तिनं बन खाऊन संपवला. मग विचारलं, "कुठे आहे आता?"

मी बेसिनचं सांगितलं. नळाचं, ब्रशांचं, मी हात धुतल्याचं. ती माझ्या कानाकडे बघत ऐकत होती. तिच्या खांद्यांना काय होतंय ते मला आधी कळेना. ती हसत होती. खुब्याला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "गरम पाणी लगेच येतं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, हो, लगेच. "बाबांना सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "या घरात सकाळी पाणी तापेपर्यंत त्यांची दाढी अर्धी व्हायची."

मला हसू आलं नाही. ते तिच्या लक्षात आलं असावं. हसणं थांबवून तिनं टिकल्यांचं पाकीट मागितलं. मी दिलं. एक पट्टी काढून तिनं माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "यातली हिरवी कुठली?"

मी पट्टीकडे बघितलं आणि खरं ते सांगितलं. तिनं ती सोलून माझ्या बोटावर ठेवली. "हा तुझा. तूच आणलास, तुझाच. लाव खाली."

एकाहत्तराव्या वर्षी चांगला स्कर्ट घालून मी जमिनीवर उताणी झोपले आणि स्वतः विकत आणलेल्या साइडबोर्डच्या पोटाला स्वतःच्या नावाची टिकली लावली. ती वॉकर धरून माझ्या डोक्यापाशी उभी होती. "नीट लागली का?" मी म्हणाले, लागली. "आता मी मेल्यावर ने," ती म्हणाली. "त्याच्या आधी नको."

तिथेच पडल्या पडल्या मी तिला विचारलं, माझी हिरवी का काढलीस. मला वाटलं होतं, ती म्हणेल की ती डेस्मंडची खूण आहे. ती म्हणाली, "तुला साइडबोर्ड हवा होता. त्याला ते दार हवं होतं. एवढ्या लांब राहतो, त्याला घरचं काहीतरी असावं." मग म्हणाली, "तू तर घरातच असतेस." मी इतकी वर्षं हिशेब लावत होते तो तिनं कधी मांडलाच नव्हता. मला घराबाहेरच्यांत कोणी धरलंच नव्हतं, म्हणून माझी कुठे खूण नव्हती.

मला उठता येईना. गुडघ्यांमुळे, असं मी तिला सांगितलं. तिनं वॉकर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ए, ऊठ आता. थंडी शिरते खालून."

मग खुर्चीत बसल्यावर तिनं विचारलं, त्या मुलांनी दारं काढून टाकलीत का. मी म्हणाले, नाही, दारं आहेत. "मग झालं," ती म्हणाली. "एकाच नमुन्याचे आहेत ना दोन्ही? बिजागऱ्यांची भोकं जिथल्या तिथे असणार. बाबांच्या कारखान्यात सगळं एका मापाचं असायचं."

उद्या मी फ्रेयाला फोन करणार आहे. त्या उलट्या दाराच्या बदल्यात आमचं सरळ डावं दार तिला देऊ करीन. ती नाही म्हणाली तर तिला तो हक्क आहे. मला विनवणी करता येत नाही, तुला माहीत आहे. करून बघेन.

एव्हरिल


हाय विकम, ६ मे

डेस्मंड,

फ्रेया आधी नाही म्हणाली. उलटी नक्षीच तर आवडली होती. मग मी तिला नक्षी उलटी का आहे ते सांगितलं, तुझ्या जन्माचं, खडूच्या फुलीचं, हातगाडीचं. आईसारखं मला सांगता येत नाही. मध्ये एकदोनदा थांबावं लागलं. मी का विकला तेही सांगितलं, कारण नाहीतर गोष्ट अर्धी राहिली असती. मग ती म्हणाली, आम्हीच दार घेऊन येतो. शनिवारी दोघं गाडीत दार घालून घेऊन आले. बेसिनजवळ राहून त्याची खालची कड थोडी फुगली आहे. टोबीनं टोपी काढून आईशी हात मिळवला. तिनं त्याला बाबांच्या दाढीचा आणि पाणी तापण्याचा किस्सा सांगितला आणि दात घासताना साइडबोर्डकडे लक्ष असू दे असं बजावलं. मिसेस कॉर्डिस त्यांना खीर वाढत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे दारं परतसुद्धा येतात म्हणायचं."

जुनं दार खिडकीच्या उन्हानं काळपट झालं आहे आणि नवा साइडबोर्ड फिका. दुरून ठिगळ दिसतं. रेषा वाहत येतात आणि तिथे अडकून खाली वळतात. बाबांनी बघितलं असतं तर त्यांनीच बाद केलं असतं. आई मान वळवून त्याच्याकडे बघते आणि जाता-येता हात फिरवते. रविवारपासून तिची हँडबॅग त्याच्यावर आहे.

दाराच्या आतल्या बाजूला तिनं स्वतः लाल टिकली लावली. कुठली लाल, हे तिनं मला विचारलं नाही. बहुधा तिला कळत होतं, तेव्हाही आणि आताही. म्हणजे आता दार तुझं आणि बाकीचं माझं, आणि ते वेगळं करायचं तर साइडबोर्ड मोडेल. हे तिनं मुद्दाम केलं की कसं, ते मी विचारणार नाही.

टोबीला बिजागऱ्या नीट बसवता आल्या नाहीत. फुगलेली कड चौकटीत अडते आणि दार पूर्ण लागत नाही, बोटभर उघडं राहतं. मिसेस कॉर्डिस एका सुताराचं नाव सांगत होत्या. आई म्हणाली, असू दे, दार उघडंच बरं. मला ते बरं वाटत नाही. बाबांची हत्यारं तुझ्या टिकलीची आहेत. पेटीला मी हात लावलेला नाही.

बारा वर्षांपूर्वी फोनवर मी जे बोलले ते चूक होतं. वादळ खरं होतं; मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यानंतर फोन करायला हवा होता तो मी केला नाही.

दार दुरुस्त करायला ये. पोहत नको. बोटीनं ये.

एव्हरिल